धांवण्याची हौस आणि तिचा जमाखर्च

हौसेला मोल नसतें, असें आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या घरचें वाण्याचें देणें बहुधा दुसराच कोणी चुकतें करीत असावा. हौसेला मोल असतें, आणि तें कोणाला तरी मोजावेंच लागतें. सगळ्या हौशींत धांवण्याची हौस ही सर्वांत स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे. तिला तालीम लागत नाहीं, चेंडूफळी लागत नाहीं, जोडीदाराचीहि गरज नाहीं; दोन पाय आणि एक रस्ता मिळाला कीं काम भागलें, असा तिचा लौकिक. परंतु गेल्या सवाशें वर्षांतील महाराष्ट्राचा वृत्तान्त पाहिला, तर या स्वस्त हौसेसाठीं कोणी जहाजाचें भाडें भरलेलें दिसतें, कोणी कारखान्याच्या खात्यांतून पैसा काढलेला दिसतो, आणि आज कोणी महिन्याच्या पगारांतून चोरटेपणानें कांहीं नोटा बाजूस काढतांना दिसतो. खर्च तोच, भरणारा मात्र बदलत गेला आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यांत ही गोष्ट विशेष ध्यानांत येते. पहाटे पांचच्या सुमारास निगडीच्या दुर्गा टेकडीवर, भोसरीच्या इंद्रायणीनगरांतील क्रीडासंकुलाच्या आसपास, देहू-आळंदीच्या रस्त्यावर स्त्री-पुरुष धांवतांना दिसतात. त्यांत निवृत्त अधिकारी असतात, संगणकाच्या कचेरींत काम करणारे असतात, आणि पहिल्या पाळीची बस गांठण्यापूर्वीं अर्धा तास पाय मोकळे करून घेणारे कामगारहि असतात. एकाच रस्त्यावर, जवळजवळ एकाच वेगानें जाणाऱ्या या माणसांच्या पायांतील बुटांच्या किंमती मात्र दहा-दहा पटींनीं भिन्न असतात.

मुळांत धांवणें हें हौसेचें काम नव्हतेंच. तें चाकरीचें काम होतें. मराठेशाहींत पत्रें पोंचविणारे जासूद व हरकारे हे पगारी नोकर होते. १६६० सालीं शाहिस्तेखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यानें तो छोटा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ लढविला, त्या काळीं बातमी घोड्याच्या नाहीं तर माणसाच्या पायांनींच जात असे. पुढें इंग्रजांच्या टपालखात्यानेंहि डाक नेणारे धांवते नोकर ठेविले. खांद्यावर थैली आणि हातांत घुंगरूं बांधलेला भाला घेऊन रानावनांतून ते टप्प्याटप्प्यानें टपाल पोंचवीत. अशा माणसाला आपल्या धांवण्याचा हिशेब ठेवण्याची गरज नव्हती. त्याच्या पायांचा खर्च धनी भरीत असे, आणि तो पायांवर पोट भरीत असे.

घड्याळ लावून, अंतर मोजून, बक्षिसाच्या पेल्यासाठीं धांवावयाचें, ही रीत इंग्रजी अमदानींत रुजली. तिच्याबरोबर ‘हौशी खेळाडू’ ही कल्पनाहि आली, आणि ती जितकी उदात्त वाटते तितकी नव्हती. इंग्लंडांत हेन्ले येथें होणाऱ्या नौकाशर्यतींच्या चालकांनीं १८७९ सालीं हौशी कोणास म्हणावें याची व्याख्या केली. तींत कारागीर व मजूर यांना हौशी म्हणवून घेण्यास स्पष्ट मनाई होती. अंगमेहनतीनें जो भाकरी मिळवितो, त्याचे स्नायु आधींच तयार झालेले असतात, म्हणून त्याच्याशीं स्पर्धा करणें गैर, असा त्यामागील युक्तिवाद. खरें कारण उघड होतें. ज्याला रिकामा वेळ आणि बापजाद्यांचा पैसा आहे, त्यानेंच खेळावें. धांवण्याच्या इंग्रज संघटनेनें १८८० सालीं स्थापन होतांनाच ही मजुराविरुद्धची अट टाकून दिली, हें तिच्या श्रेयाचें म्हटलें पाहिजे. हेन्लेची अट मात्र १९३७ पर्यंत टिकली. अमेरिकेचा जॅक केली हा गंवडीकाम केलेला नावाडी. १९२० सालीं हेन्लेच्या शर्यतीसाठीं त्यानें पाठविलेला अर्ज फेटाळण्यांत आला. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती हें एक कारण, आणि तो हातानें काम करणारा होता हें दुसरें. त्याच वर्षीं ऑलिंपिक सामन्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें.

तें ऑलिंपिक बेल्जममधील अँटवर्प येथील. आणि महाराष्ट्रांतील धांवण्याच्या जमाखर्चाचें पहिलें पान त्याच अँटवर्पच्या सामन्यांशीं जोडलेलें आहे.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. पहिलें महायुद्ध संपल्यानंतर त्याच्या मैदानी शर्यतींस अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले. तेथें त्यांनीं जें पाहिलें, त्याची हकीकत पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं दिली आहे. धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतांत राबावें, मिळेल तें साधें अन्न खावें, असा त्यांचा जीवनक्रम. शास्त्रीय शिक्षणाची त्यांना गंधवार्ता नव्हती. ते अनवाणी धांवत. चालकांनाहि नियमांची फारशी माहिती नव्हती. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून आणि आंखलेल्या पट्ट्यांवांचून घेण्याचा त्यांचा बेत होता. आणि तरीहि त्या मुलांच्या वेळा युरोपांतील धांवणाऱ्यांच्या वेळांशीं ताडून पाहाव्या अशा होत्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्यानें टाटांनीं हिंदुस्थानास ऑलिंपिकांत प्रवेश मिळवून दिला, आणि १९२० सालीं धांवणारे व मल्ल मिळून एक लहानसा चमू जहाजानें युरोपला निघाला.

येथें हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. शेतावर अनवाणी धांवणाऱ्या मुलास धांवण्याचा खर्च शून्य होता. तोच मुलगा अँटवर्पला धांवावयाचा म्हटल्याबरोबर जहाजाचें भाडें, गरम कपडे, राहण्याखाण्याची सोय, सारें उभें ठाकलें. त्याच्या घरच्यांनीं बैल आणि शेत विकलें असतें तरी तें भागलें नसतें. हा भार उचलण्यासाठीं टाटांनीं स्वतःच्या पदरचें द्रव्य घातलें. बेळगांवचे फडेप्पा चौगुले व त्यांच्याबरोबर सदाशिव दातार हे मॅरेथॉन शर्यतीस उभे राहिले. त्या वर्षीं ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. फिनलंडचा हान्स कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले यांनीं तें अंतर २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत कापून १९ वा क्रमांक मिळविला. ज्या देशांत वळणावरून शंभर यार्ड धांवावयाचे बेत चालत होते, त्या देशांतून पहिल्यांदाच गेलेल्या तरुणानें हें केलें. आजहि हौशी मंडळींत तीन तासांच्या आंत मॅरेथॉन पुरी करणारा मनुष्य मानानें पाहिला जातो. मग शंभर वर्षांपूर्वींच्या त्या धांवेची किंमत सांगावयास नको.

आश्रयदात्याच्या औदार्यानें मोठीं कामें होतात; पण त्या औदार्याची कक्षा आंखूड असते. एका टाटांच्या हातून दोन-चार धांवणारे बोटींत बसले. जे मैदानावर राहिले, त्यांचें पुढें काय झालें हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. कुस्तींत हीच कथा तीस वर्षांनंतर पुन्हा घडली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें. आणि १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तेथें खाशाबांनीं स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांतील पहिलें पदक मिळवून दिलें. ही कथा शाळांतून गुरुभक्तीची व जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तिच्यांतील गहाणखताकडे मात्र मुलांचें लक्ष कोणी वेधीत नाहीं.

असा खर्च खेळाडूनें स्वतः खेळून कां मिळवूं नये, असें कोणी विचारील. तसें करण्यास त्या काळीं बंदी होती. फिनलंडचा पावो नुर्मी हा नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी. परंतु जर्मनींतील शर्यतींसाठीं त्यानें वाजवीपेक्षां जास्त प्रवासखर्च घेतला, या आरोपावरून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपूर्वीं त्याला अपात्र ठरविण्यांत आलें. ज्याच्या नांवावर मैदानें भरत, त्या माणसाच्या भाड्याच्या पावत्या तपासण्यांत आल्या. मैदानाच्या तिकिटांचा गल्ला कोणी मोजला नाहीं. हा पीळ १९८२ पर्यंत चालला. त्या वर्षीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें धांवणाऱ्यांच्या कमाईसाठीं विश्वस्त-निधि ठेवण्यास मुभा दिली, आणि हळूहळू बंधन सुटलें.

मध्यंतरीं पुण्याच्या वायव्येस एक नवीन आश्रयदाता निर्माण होत होता. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली. त्या दशकांत आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को आली. चार खेड्यांची मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. खेड्यापाड्यांतून, साताऱ्याहून, सोलापुराहून, मराठवाड्यांतून तरुण मुलें येथें पाळीवर लागलीं. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर मैदान आलें. पिंपरीचें एच. ए. मैदान अजून त्या कारखान्याच्याच नांवानें ओळखलें जातें. २०१६ चें साहित्य संमेलन तेथेंच भरलें होतें, म्हणजे मैदान धांवणाऱ्यांखेरीज साहित्यिकांच्याहि कामीं आलें. कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल यांबरोबर कामगारांच्या मैदानी शर्यतीहि होऊं लागल्या.

याच्या मागें एक कायदा होता, तो फारसा कोणाच्या ध्यानांत राहिलेला नाहीं. १९५३ सालीं मुंबई राज्यानें कामगार कल्याण निधीचा कायदा केला. त्यान्वयें कामगाराच्या पगारांतून अल्पशी रक्कम, मालकाकडून तिच्यापेक्षां मोठी रक्कम, अशी वर्षांतून दोनदां, जून आणि डिसेंबर महिन्यांत, निधींत जमा होते. तींतून कामगार कल्याण मंडळ केंद्रें चालवितें, स्पर्धा भरवितें, क्रीडासाहित्य पुरवितें. हेन्लेच्या नियमानें ज्या मजुराला हौशी म्हणावयाचें नाकारलें होतें, त्याच मजुराच्या हौसेसाठीं येथें कायद्यानें पैसा बाजूस काढला गेला. या दोन नियमांमध्यें पाऊण शतकाचें अंतर आहे. पगारपत्रकावर ती छोटी कपात आजहि दिसते. ती कशाची, असें विचारण्याची तसदी मात्र शंभरांत फार थोडे घेतात.

कारखान्याचा आश्रय कसा फळास येतो, याचें मोठें उदाहरण या पट्ट्याबाहेरचें आहे. शिवनाथ सिंग हे सैन्यांतून पुढें टाटांच्या पोलादाच्या कारखान्यांत जमशेटपूरला आले. पुष्कळदां ते अनवाणी धांवत. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकांत मॅरेथॉनमध्यें ते अकरावे आले, आणि १९७८ सालीं जालंधरला त्यांनीं ती शर्यत २ तास १२ मिनिटांत पुरी केली. तो भारतीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कोणास मोडतां आला नाहीं. पगार चालू, राहण्याची चिंता नाहीं, आणि सरावाला वेळ, एवढ्या तीन गोष्टी लाभल्यावर बुटांवांचूनहि किती दूर जातां येतें, हें त्यावरून दिसतें. पुढें सावरपाड्याची कविता राऊत, सातारा जिल्ह्यांतील मोहीची ललिता बाबर, बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे हीं खेड्यांतलीं मुलें जगाच्या मैदानावर चमकलीं, त्यांच्यामागेंहि सरकारी कंपनीची, रेल्वेची अथवा सैन्याची नोकरी उभी होती.

परंतु हा सारा विचार निवडक धांवणाऱ्यांचा झाला. १९८३ सालीं पुणें आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि २००४ सालीं मुंबईची. तेव्हांपासून रस्त्यावर एक निराळाच वर्ग उतरला. त्याला पदक जिंकावयाचें नसतें, शर्यत पुरी करावयाची असते. हा खरा हौशी. आणि याचा खर्च ना टाटा देत, ना कारखाना. याच सुमारास कारखान्यांची ठेवणहि बदलली. चाकण, एके काळीं कांद्याच्या बाजारपेठेसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव, मोटारींचें गांव झालें. २००९ सालीं तेथें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि पाठोपाठ महाळुंगें, निघोजें, खराबवाडी या बाजूस सुट्या भागांच्या कारखान्यांची रांग लागली. जुन्या वसाहती व मैदानें या नव्या कारखान्यांबरोबर आलीं नाहींत. पुष्कळसा कामगार ठेकेदाराकडून आलेला, एका खोलींत चौघे-पांच राहणारा. त्याचा एक मोठा भाग पहाटे धांवतो तोहि हौसेनें नव्हे, तर पोलीस भरतीच्या १६०० मीटरांसाठीं. नाशिक रस्त्यावर दिवसभर कंटेनर आणि ट्रक यांची रीघ. तेथें धांवणें म्हणजे जिवाशीं खेळ. आंखलेल्या मैदानावर जावयाचें तर भोसरी किंवा बालेवाडी गांठावी लागते, आणि तेथवर जाण्यायेण्याचें भाडें हा त्याच्या धांवण्याचा पहिला खर्च होऊन बसतो.

आतां हा खर्च हिशेबाच्या वहींत मांडून पाहिला, तर कांहीं गमतीच्या गोष्टी आढळतात.

सर्वांत मोठी बाब अर्थात् बुटांची. रबराला गंधक व उष्णता देऊन टिकाऊ करण्याची कृति अमेरिकन चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं शोधली, त्यानंतर कॅनव्हास व रबराचे हलके बूट झाले. आपल्याकडे बाटाच्या कारखान्यांतून निघालेले पांढरे कॅनव्हासचे बूट कित्येक पिढ्यांनीं शाळेच्या कवायतीला घातले, आणि त्याच बुटांनीं धांवण्याच्या शर्यतीहि मारल्या. जाड मऊ तळव्याचा, खास धांवण्याचा म्हणून विकला जाणारा बूट गेल्या अर्धशतकांतला. त्याचा तळवा सामान्यतः ५०० ते ८०० किलोमीटरांत बसतो; वरून बूट नवा दिसला तरी आंतील लवचिकपणा गेलेला असतो. तेव्हां बुटाची किंमत दुकानांत न पाहतां किलोमीटरावर पाहावी. समजा, तीन हजारांचा जोड ६०० किलोमीटर चालला. दर किलोमीटरास पांच रुपये पडले. आठवड्यास ३० किलोमीटर धांवणाऱ्याचें वर्षाचें अंतर १५६० किलोमीटर होतें, आणि बुटांचा वर्षाचा खर्च ७८०० रुपये, म्हणजे महिना साडेसहाशें. हा आंकडा अनेकांच्या महिन्याच्या चहा-तंबाखूपेक्षां कमी भरेल. उलट बारा हजारांचा शर्यतीचा जोड तीनशें किलोमीटरांत नरम पडला, तर किलोमीटरास चाळीस रुपये झाले.

अशा महागड्या बुटांची कथा आणखी पुढें गेली आहे. तळव्यांत कार्बनची ताठ पट्टी घातलेले बूट २०१७ च्या सुमारास बाजारांत आले, आणि विक्रम इतक्या झपाट्यानें कोसळूं लागले कीं, २०२० सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेस रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरांपुरती मर्यादित करावी लागली. २०२३ सालीं बर्लिनला इथिओपियाच्या तिग्स्त असेफा हिनें २ तास ११ मिनिटें ५३ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, तेव्हां तिच्या पायांत पांचशें डॉलरांचे जे बूट होते, ते एका मॅरेथॉनपुरतेच टिकावे अशा बेतानें बनविलेले होते. तिला ते शोभले. दुर्गा टेकडीला फेऱ्या मारणाऱ्यानें त्यांची नक्कल करणें म्हणजे लग्नांतला शालू नेसून धुणें धुण्यासारखें आहे.

बुटांच्या करांतहि फरक आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत वस्तु व सेवा कराचे दर बदलले, त्या वेळीं अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर पांच टक्के आणि त्यावरील जोडावर अठरा टक्के कर ठरला. अडीच हजारांच्या अलीकडचा जोड आणि थोडासा पलीकडचा जोड यांत किंमतीचें अंतर दिसतें, त्यांतला बराच भाग या करांतील तफावतीचा असतो. मागील सालचा नमुना नवा नमुना येतांच उतरत्या दरानें मिळतो. त्याचा रंग जुना ठरतो, तळवा नव्हे. कारखान्यांत आठ तास लोखंडी टोपणाच्या सुरक्षा-बुटांत उभ्या राहिलेल्या पायाला रंगाचें सोयरसुतक नसतें; त्याला बोटें पसरावयास रुंद जागा हवी असते.

दुसरी बाब शर्यतीच्या प्रवेशशुल्काची. येथें हिशेब खरोखर चक्रावून टाकतो. समजा, दहा किलोमीटरांच्या शर्यतीचें शुल्क एक हजार आणि जाण्यायेण्यास तीनशें लागले. किलोमीटरास एकशें तीस रुपये झाले. रोजच्या सरावाच्या सव्वीसपट! त्या पैशांत रस्ता बंद करण्याची व्यवस्था, पाणी, रुग्णवाहिका, वेळ मोजण्याची चकती इत्यादि गोष्टी येतात, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु त्यांतच एक सदरा आणि एक पदकहि येतें, आणि वर्षांत आठ-दहा शर्यती करणाऱ्याच्या घरीं सदऱ्यांचें कपाट भरतें. वर्षाला एक किंवा दोन शर्यती निवडाव्या आणि उरलेल्या रविवारीं फुकटच्या रस्त्यावर धांवावें, असें जुने धांवणारे करतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण निजणाऱ्यांसाठीं असली, तरी धांवणाऱ्यांसहि ती लागू पडते.

शर्यतीच्या जमाखर्चाची उलटी बाजूहि महाराष्ट्रानें पाहिली आहे. बारामतीच्या लता करे या प्रौढ बाईंनीं पतीच्या आजाराचा खर्च भागविण्यासाठीं नऊवारी लुगड्यांत, अनवाणी पायांनीं शर्यत धांवून बक्षीस मिळविलें. त्यांच्यावर २०२० सालीं चित्रपट निघाला आणि त्याचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. लोकांनीं त्यांचें कौतुक केलें तें धैर्यासाठीं, आणि तें योग्यच झालें. परंतु वैद्यकीय तपासणीची सोय लावण्यासाठीं एका स्त्रीला शर्यत जिंकावी लागावी, ही गोष्ट कौतुकाच्या टाळ्यांत बुडून गेली.

खाण्यापिण्याच्या बाबतींत तर केवळ नांवाचे पैसे जातात. १९६५ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा विद्यापीठांत डॉ. रॉबर्ट केड यांनीं खेळाडूंसाठीं एक पेय तयार केलें. त्यांत पाणी, मीठ, साखर असे पदार्थ होते, आणि तें पिववेना म्हणून त्यांच्या पत्नीनें लिंबाचा रस घालण्यास सुचविलें. तेंच पुढें गेटोरेड या नांवानें जगभर विकलें गेलें. आपल्या घरोघरच्या बायका हें पेय उन्हाळ्यांत पाहुण्यांस न विचारतां देत आल्या आहेत. लिटरभर स्वच्छ पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. चमचे सपाट घ्यावे, मीठ अधिक पडूं नये. पुडींत भरलेल्या गोड चाटणाचें काम गूळशेंगदाणा, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळें करतें. तासाभराच्या आंतल्या धांवेस तर यांतलें कांहींच लागत नाहीं, पाणी पुरतें. मनगटावरील घड्याळ ही सोयीची वस्तु खरी, पण चौगुल्यांच्या मनगटावर तें नव्हतें.

वहींत न लिहिली जाणारी बाब निराळी आहे, आणि कामगाराच्या दृष्टीनें तीच सर्वांत महाग. रात्रपाळी उतरून झोप न घेतां टेकडी चढणारा मनुष्य झोपेंतून उसनवार करीत असतो. बसलेल्या तळव्याच्या बुटानें, अथवा उतावळेपणानें एकदम अंतर वाढविल्यानें पोटरी वा गुडघा धरला, तर कायम कामगाराची रजा जाते आणि ठेक्यावरच्या कामगाराचा खाडा पडतो. चार दिवसांच्या खाड्यांत एका चांगल्या जोडाची किंमत गेलेली असते, शिवाय औषधपाणी. म्हणून काटकसर सदऱ्यांत करावी, पदकांत करावी, घड्याळांत करावी. तळवा संपलेला बूट मात्र ‘अजून एक महिना’ म्हणून ओढूं नये. जुना जोड बाजारहाटास वापरावा, त्यानें त्याचे पैसे आणखी वर्षभर फिटतात.

एकट्याला न झेंपणारा खर्च वांटून घेण्याची रीत या प्रदेशास नवी नाहीं. देहू आणि आळंदी हीं दोन्ही गांवें या कारखान्यांच्या शेजारींच आहेत. आषाढी वारीला निघणाऱ्या दिंडींत प्रत्येक जण आपली भिशी भरतो. तींतून शिधा, तंबू, सामानाचा ट्रक, स्वयंपाकी यांचा खर्च निघतो, आणि एकट्यानें गेल्यास जो प्रवास परवडणार नाहीं तो कित्येक शेतकरी कुटुंबें दरसाल करतात. वारी ही चालण्याची. तरी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर वेळापूरजवळ एके ठिकाणीं सगळे वारकरी धांवत सुटतात, त्याला ‘धावा’ म्हणतात. म्हातारेकोतारे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सारींच धांवतात. वेळ कोणी मोजीत नाहीं, आणि खर्च भिशींत आधींच भरलेला असतो.

पट्ट्यांतल्या धांवणाऱ्यांचे जे लहान लहान गट आहेत, त्यांनीं कळत-नकळत हीच रीत उचलली आहे. चौघे मिळून एक गाडी करतात आणि पेट्रोल वांटून घेतात. बूट घ्यावयाचे झाले कीं एकाच मापाचे दोघे आपसांत अनुभव विचारून घेतात. रविवारच्या लांब धांवेला कोणी केळीं आणतो, कोणी पाण्याचा कॅन दुचाकीवर ठेवून पुढच्या वळणावर उभा राहतो. पुढच्या रविवारीं तें काम दुसऱ्याकडे. गटांत एखादा ठेक्यावरचा मुलगा असला, तर त्याचें शर्यतीचें शुल्क बाकीचे गुपचूप भरतात आणि तो पगार झाल्यावर हप्त्यानें फेडतो. जून महिन्यांत पालख्या निघावयाच्या सुमारास मात्र देहू-आळंदीच्या रस्त्यावर पाय ठेवावयास जागा नसते. तेवढे दिवस हीं मंडळी दुर्गा टेकडीकडे वळतात.